ओल्या प्रिंटवर खूण कशाने करावी : कोल्हापूरच्या एका डार्करूममधील प्रकरण

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका जुन्या घराच्या मागच्या सोप्यात लहानशी डार्करूम आहे. ज्या छायाचित्रकारांनी ती उभी केली, त्यांनी आयुष्यभर स्टुडिओचा व्यवसाय केला आणि त्यातून उरलेल्या वेळात शहरातल्या तालमी, खासबाग मैदानातील कुस्त्या आणि लाल मातीत घुमणारे मल्ल १२० च्या रोल फिल्मवर टिपले. वयोमानामुळे आता त्यांना एन्लार्जरपाशी (निगेटिव्हचे चित्र मोठे करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रापाशी) फार वेळ उभे राहवत नाही. त्यांच्या भाचीने कलाशिक्षण पूर्ण झाल्यावर या निगेटिव्ह नव्याने छापायचे ठरवले आणि दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात त्यांचे प्रदर्शन मांडण्याचा बेत आखला. छपाईच्या नोंदवहीचे काम माझ्याकडे असल्यामुळे पुढे जे घडले ते मला जवळून पाहता आले. रसायने, वेळ आणि तापमान यांविषयी डार्करूममधले लोक तासन्‌तास बोलतात. प्रिंट ओली असताना तिची ओळख कशी टिकवायची, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न कसा उभा राहिला

स्टुडिओच्या कामात हा प्रश्न मामांना कधी पडलाच नव्हता. एका वेळी एन्लार्जरला एकच निगेटिव्ह, तिच्या हव्या तेवढ्या प्रती, आणि त्या धुऊन वाळल्यावर पुढची निगेटिव्ह, अशी त्यांची रीत होती. भाचीचे काम निराळे होते. प्रदर्शनासाठी निवडलेल्या प्रत्येक निगेटिव्हच्या तीन-चार प्रती ती थोड्या थोड्या फरकाने काढत असे, आणि एका संध्याकाळी अशा अनेक निगेटिव्ह हाताळत असे. एखाद्या मल्लाच्या खांद्यावरचा उजेड १२ सेकंदांत बरोबर येतो की १३ की १४, हे तिला त्या प्रतींवरून ठरवायचे असे.

हे ओल्या प्रिंटवर ठरवता येत नाही, आणि या प्रकरणाचे मूळ इथेच आहे. पाण्यात असलेल्या प्रिंटचे जिलेटिन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा वरचा थर, फुगलेले असते, वर पाण्याचा पातळ थर असतो, आणि त्यामुळे पांढरा भाग अधिक उजळ व काळा भाग अधिक गडद दिसतो. प्रिंट वाळली की उजळ भाग किंचित मंदावतात आणि एकूण चित्र थोडे काळवंडते. आरसी (प्लास्टिकचा थर असलेल्या) कागदावर हा फरक कमी असतो. फायबर (असा थर नसलेल्या) कागदावर तो एवढा असतो की अनेक छपाईकार ओल्या प्रिंटवर बरोबर वाटलेला प्रकाशवेळ अंतिम प्रतीसाठी पाच ते दहा टक्क्यांनी कमी करतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की, ओल्यात सर्वांत चांगली दिसणारी प्रत वाळल्यावर बहुधा हरते आणि किंचित फिकी वाटलेली प्रत जिंकते. कोणती प्रत किती सेकंदांची आहे हे वाळेपर्यंत कळत राहिले नाही, तर तीन प्रती काढण्याचा खटाटोप फुकट जातो, कारण डोळ्यांना पसंत पडलेली प्रत पुन्हा कशी काढायची हेच सांगता येत नाही.

फायबर कागदाच्या बाबतीत ही ओळख बराच वेळ टिकावी लागते. आरसी कागदाची मधली घडण कागदाचीच असली तरी दोन्ही बाजूंना पॉलिथिनचा थर असतो, त्यामुळे द्रावण आत शिरत नाही. एक मिनिट डेव्हलपर (चित्र उमटवणारे द्रावण), काही सेकंद स्टॉप बाथ (ती क्रिया थांबवणारे), अर्धा मिनिट रॅपिड फिक्सर (चित्र पक्के करणारे) आणि दोन मिनिटे वाहते पाणी एवढ्यात तो कागद मोकळा होतो. फायबर कागद मात्र द्रावण शोषून घेतो. त्याला डेव्हलपरमध्येच दोन मिनिटे लागतात, आणि धुण्यासाठी वॉश-एड (धुणे लवकर व्हावे म्हणून वापरायचे द्रावण) वापरले तर मागचे-पुढचे पाणी धरून वीसेक मिनिटे, न वापरले तर तासभर लागतो. त्यात पावसाळ्यातले कोल्हापूर! पंचगंगेला फुगवटा असतो त्या दिवसांत जाळीवर ठेवलेली फायबर प्रिंट सकाळी हाताला गार लागते, म्हणजे ती अजून आतून ओलीच असते.

एका पावसाळी संध्याकाळी नेमके याच साखळीत सगळे बिघडले. भाचीने उजेड देण्याआधी काही कागदांच्या पाठीवर जेल पेनाने वेळ लिहिली होती, ती धुताना पुसली गेली. काहींवर मामांनी दिलेल्या लाल मेणाच्या पेन्सिलीने आकडे घातले होते, ते लाल सेफलाइटखाली (छपाईच्या कागदाला जवळजवळ न बाधणाऱ्या दिव्याखाली) तिला वाचताच आले नाहीत, आणि एका कागदाला दोनदा उजेड दिला गेला. उरलेल्या प्रिंट्सवर तिने फिक्सरमधून काढल्यावर, पाठ हाताने निपटून, काळ्या परमनंट मार्करने लिहिले आणि त्या सर्व धुण्याआधीच्या साठवणीच्या ट्रेमध्ये एकीवर एक ठेवल्या. त्यांतल्या एका प्रिंटमध्ये तालमीच्या झरोक्यातून येणारा उजेड होता, ती साऱ्या मालिकेतली सर्वांत अवघड जागा. तिथे दुसऱ्या दिवशी जांभळट निळ्या रंगात उलटे उमटलेले आकडे दिसले. त्यानंतर कितीही पाणी दिले तरी ते गेले नाहीत.

मामा-भाचीमध्ये तेव्हा जे बोलणे झाले त्यातून प्रश्नाची बाजू स्पष्ट झाली, म्हणून ते इथे देतो.

“लाल पेन्सिल चांगली की गं. जन्मभर तीच वापरली मी,” मामा म्हणाले.

“पण मामा, तुम्ही ती वाळलेल्या कॉन्टॅक्टवर वापरत होता. कुठला फोटो घ्यायचा, कुठं कापायचा, त्याच्यासाठी. ओल्या प्रिंटवर कधी लिहिलंत का तिनं?”

“ओल्यावर? ओल्यावर कशाला लिहू? ओलं असताना सगळं डोक्यात असायचं.”

मामांची पेन्सिल तिच्या जागी योग्यच होती. वाळलेल्या, चकचकीत कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेल्या लहान छापांच्या पानावर, लाल मेणाची रेघ ठसठशीत दिसते आणि मऊ फडक्याने निघूनही जाते. ओल्या कामासाठी ती कधी निवडलेलीच नव्हती.

बिघाड नेमका कुठे झाला

या तिन्ही बिघाडांची कारणे वेगवेगळी आहेत, आणि ती वेगळी ठेवूनच पाहिली पाहिजेत.

लाल अक्षरे न दिसण्याचे कारण साध्या प्रकाशविज्ञानात आहे. पांढरा कागद लाल उजेडात तो सगळा लाल उजेड परत पाठवतो आणि लाल रेघही जवळजवळ तेवढाच परत पाठवते, म्हणून दोन्हींत फरक उरत नाही. त्याच उजेडात निळी रेघ काळी दिसते, कारण निळा रंग लाल उजेड शोषतो. अंबर सेफलाइट असेल तर पिवळी आणि नारिंगी खूण अशीच नाहीशी होते. डार्करूममध्ये खुणेचे साधन दुकानातल्या पांढऱ्या उजेडात पाहून कधीच घेऊ नये, एवढे यातून निघते. ग्रॅफाइट कोणत्याही सेफलाइटखाली राखाडीच राहते.

जेल पेनाचे कारण शाईच्या घडणीत आहे. काही जेल शाया रंगकणांच्या असतात, त्या कागदाच्या तंतूंत अडकून पाण्याला टिकतात. काही विद्राव्य रंगाच्या असतात, त्या वाहून जातात. पेनावरच्या लेबलावरून हे ओळखता येईलच असे नाही. शिवाय प्रिंटच्या प्रवासात पाणी एकटे नसते. डेव्हलपर अल्कधर्मी असतो, स्टॉप बाथ आम्ल असतो, आणि फिक्सरमध्ये थायोसल्फेट व सल्फाइट असते. साध्या पाण्याला पुरून उरलेली शाई या फेऱ्यात उतरू किंवा रंग बदलू शकते.

मार्करचे प्रकरण यांत सर्वांत बोलके आहे. मार्करची शाई अल्कोहोलसारख्या द्रावकात विरघळलेल्या रंगाची असते. कोरड्या पृष्ठभागावर द्रावक उडून जातो आणि रंग चिकटून बसतो. ओल्या पाठीवर तो नीट बसत नाही, अर्धवट मोकळा राहतो. त्याच्या शेजारी, खालच्या प्रिंटच्या दर्शनी बाजूवर, फुगलेले जिलेटिन असते, आणि जिलेटिनचा रंग शोषून घेण्याचा गुण छायाचित्रणाच्या इतिहासात मुद्दाम वापरला गेला आहे: कोडॅकची डाय ट्रान्स्फर पद्धत आणि टेक्निकलरच्या रंगीत चित्रपटांच्या प्रती याच गुणावर उभ्या होत्या. रंग भरलेला एक पृष्ठभाग ओल्या जिलेटिनवर दाबून ठेवला की रंग पलीकडे जातो आणि तिथेच राहतो. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवलेल्या या गावात सिनेमाची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. पण त्या साठवणीच्या ट्रेमध्ये नकळत तीच क्रिया घडली होती, हे ध्यानात आल्यावर भाचीला धुऊन डाग का जात नाही याचे उत्तर मिळाले.

इथून या प्रकरणाला जो मुद्दा मिळाला तोच माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. आपण पेन किंवा पेन्सिल निवडताना विचार करतो तो हा की, ज्या प्रिंटवर लिहिले तिच्यावर अक्षर टिकेल का आणि तिचे काही बिघडेल का. खरा धोका शेजारच्या प्रिंटला असतो. ट्रेमध्ये, धुण्याच्या टबात, टीपकागदांच्या चळतीत, प्रत्येक प्रिंटची पाठ दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडाला लागलेली असते. त्यामुळे खुणेच्या साधनाची परीक्षा शेजाऱ्यावर घ्यायला हवी.

परीक्षा

भाचीने परीक्षा याच तत्त्वावर रचली. मामांच्या कपाटात मुदत संपून धुकट झालेल्या कागदाची जुनी पाकिटे होती. फायबर आणि आरसी दोन्ही. त्यांच्या पट्ट्या कापून प्रत्येकीच्या पाठीवर एका साधनाने तोच आकडा लिहिला. एका संचावर लिखाण कोरडे असताना झाले, दुसऱ्यावर फिक्सरनंतर ओल्यात. सर्व पट्ट्या पूर्ण फेऱ्यातून गेल्या. त्यानंतर प्रत्येक पट्टीची लिहिलेली पाठ एका कोऱ्या, फिक्स केलेल्या, ओल्या पट्टीच्या जिलेटिनवर टेकवून दोन काचांमध्ये रात्रभर दाबून ठेवली. सकाळी पाहायचे ते मुख्यतः या कोऱ्या पट्टीकडे. शेवटी वाळलेल्या पट्ट्या ड्राय माउंटिंगच्या (प्रिंट उष्णतेने पुठ्ठ्यावर चिकटवण्याच्या) प्रेसमध्ये साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला दाबल्या, कारण प्रदर्शनाच्या प्रिंट्स माउंट व्हायच्याच होत्या.

बॉलपेनाने दोन कारणांनी निराशा केली. ओल्या कागदावर त्याची गोळी घसरते आणि रेघ तुटते. कोरड्या कागदावर ते चालते, पण दाब इतका लागतो की पाठीवरच्या आकड्याचा उठाव तिरप्या उजेडात दर्शनी बाजूला दिसतो. न छापलेल्या कागदावर असा दाब आणखी घातक असतो. चांदीच्या हॅलाइडवर यांत्रिक ताण पडला तर तेवढे कण उजेड न लागताही डेव्हलप होऊ शकतात आणि राखाडी रेघ उमटते. पाठीवर लिहिलेला आकडा चित्रात उलटा, पुसट दिसू लागणे, याइतका चीड आणणारा दोष डार्करूममध्ये क्वचितच असेल.

मामांच्या टेबलाच्या खणात जुनी जांभळी कॉपिंग पेन्सिल निघाली. ती कोरडी असताना साध्या शिसपेन्सिलीसारखी राखाडी लिहिते, म्हणून फसवते. तिच्यात ग्रॅफाइटबरोबर जांभळा ॲनिलीन रंग असतो आणि पाणी लागताच तो मोकळा होतो. एका पट्टीने काचेमधली कोरी पट्टी तर रंगवलीच, शिवाय ज्या ट्रेमधून ती गेली त्याचे पाणीही जांभळे केले. अशी पेन्सिल डार्करूमच्या बाहेरच ठेवावी. हीच काळजी लोहयुक्त शाईबाबत घ्यावी, कारण सेपिया टोनिंगच्या (प्रिंटला तपकिरी छटा देण्याच्या) ब्लीचमध्ये पोटॅशियम फेरिसायनाइड असते आणि लोखंडाशी संयोग झाल्यावर प्रशियन निळा डाग पडण्याची शक्यता असते.

मेणाची पेन्सिल, काळी किंवा निळी, काचेच्या परीक्षेत बऱ्यापैकी टिकली. कोरड्या कागदावर लिहिलेले अक्षर पाण्यात तसेच राहिले, कारण मेणाला पाणी लागतच नाही. तरी शेजारच्या पट्टीवर किंचित तेलकट पुसट छाप आली, आणि प्रेसमध्ये मेण वितळून रेघ पसरली, पलीकडच्या टीपकागदात गेली. माउंट न होणाऱ्या चाचणी प्रिंटसाठी मेणाची पेन्सिल चालेल. प्रदर्शनाच्या प्रिंटसाठी मी ती वापरू देणार नाही.

रंगकणांच्या जलरोधक शाईचे बारीक टोकाचे पेन, चित्रकार वापरतात तसे, फायबर कागदावर कोरड्यात लिहून पुरते वाळू दिले तर सर्व फेऱ्यातून सुखरूप बाहेर आले आणि शेजाऱ्यालाही काही झाले नाही. अडचण अशी की शाई पुरती वाळायला थांबावे लागते आणि सेफलाइटखाली, न छापलेला कागद हातात धरून, कोणी थांबत नाही. ओल्या कागदावर त्या पेनाची रेघ पसरली आणि फेल्टचे टोक भिजून खराब झाले.

राहिली साधी शिसपेन्सिल. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. १७९५ मध्ये फ्रेंच संशोधक कोंते याने ग्रॅफाइट व चिकणमाती एकत्र भाजून पेन्सिलीचे शिसे करण्याची पद्धत काढली, तेव्हापासून पेन्सिल याच दोन गोष्टींची आहे आणि या दोहोंचे डेव्हलपर, फिक्सर, ब्लीच किंवा सेलेनियम टोनर (प्रिंटची छटा बदलणारे द्रावण) काहीही करू शकत नाहीत. फायबर कागदाची पाठ उघड्या कागदाची असते, ती ग्रॅफाइटचे कण तंतूंत धरून ठेवते. प्रश्न उरतो तो मऊपणाचा. चिकणमाती जास्त तेवढी पेन्सिल कडक. एचबी आणि त्याहून कडक पेन्सिलीने कोरड्या कागदावर उठाव आला, ओल्या कागदाचे तंतू उचकटले. ६बी ने अजिबात दाब न देता काळेभोर अक्षर आले, मात्र तिचे मोकळे कण काचेखालच्या जिलेटिनवर करड्या धुळीसारखे चिकटले, आणि फुगलेल्या जिलेटिनवरून ते पुसायला गेले की ओरखडे पडतात. २बी आणि ४बी या दोन्हींनी शेजारची पट्टी स्वच्छ ठेवली. कोरड्या लिखाणासाठी २बी आणि ओल्यासाठी ४बी असा निर्णय झाला. चित्रकलेच्या साहित्याच्या कोणत्याही दुकानात अप्सरा किंवा कॅम्लिनच्या ड्रॉइंग पेन्सिलींत या दोन्ही मिळतात.

पेन्सिल ठरल्यावर मामांना समाधान वाटले नाही, असे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की पेन्सिलीचे अक्षर ओल्या कागदावर फिके दिसते आणि लाल उजेडात त्यांच्या वयाच्या माणसाला वाचवत नाही. ते खरे आहे. यावर उपाय अक्षर मोठे काढणे हाच आहे, दाब वाढवणे नव्हे.

लिहिण्याची रीत

साधनापेक्षा रीतीवर भाचीने अधिक मेहनत घेतली, आणि माझ्या मते यशाचा मोठा वाटा तिकडेच जातो. कागद पाकिटातून काढला की इमल्शनची, म्हणजे चित्राची, बाजू खाली करून तो स्वच्छ सनमायकाच्या फळीवर ठेवायचा. फळी कठीण हवी. खाली वह्या किंवा कागदांची चवड असेल तर तोच दाब खोल खळगा पाडतो. पेन्सिलीचे टोक पॉलिश पेपरवर घासून बोथट केलेले असावे. लिखाण उजेड देण्याच्या आधी व्हावे, आणि पाठीवर अशा जागी व्हावे की समोरच्या बाजूने तिथे पांढरी चौकट येते. एन्लार्जरच्या ईझलवर (कागद सपाट धरून ठेवणाऱ्या साच्यावर) रुंद चौकट सोडण्याची तिची सवय इथे उपयोगी पडली.

काय लिहायचे यातही काटकसर हवी, कारण सेफलाइटखाली घालवलेला प्रत्येक क्षण कागदाला थोडा का होईना उजेड देतो. ७ब-११-१४-३ म्हणजे सातव्या फिल्मची ‘ब’ निगेटिव्ह, ॲपर्चर एफ ११, १४ सेकंद, कॉन्ट्रास्टचा फिल्टर ३. डेव्हलपर किती जुना होता, कुठे जास्त उजेड दिला, कुठे हात आडवा धरला, हे सर्व नोंदवहीत. कागदावर फक्त नोंदवहीतल्या ओळीपर्यंत पोचवणारी किल्ली असावी. सुरुवातीला भाची पूर्ण वाक्ये लिहीत असे. नोंदवही माझ्याकडे आल्यावर मी ही किल्ली सुचवली आणि ती टिकली.

कोरड्यात लिहिणे शक्य नसते असे प्रसंग येतात. सेलेनियम टोनरमधून सारख्याच दोन प्रती वेगवेगळ्या वेळी बाहेर काढल्या, तर कोणती किती वेळ आत होती हे तिथेच लिहावे लागते. अशा वेळी हातमोजे न काढता प्रिंट स्वच्छ, ओल्या काचेवर पालथी ठेवायची, पाठीवरचे पाणी रबरी पट्टीने निपटायचे आणि ४बी पेन्सिल जवळजवळ आडवी धरून कोपऱ्यात एकच अंक काढायचा. काच आणि जिलेटिन यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो, त्यामुळे दर्शनी बाजूला ओरखडा जात नाही. ओल्यात पूर्ण संकेत लिहिण्याचा प्रयत्न करू नये. तो आधीच कोरड्यात लिहिलेला असला पाहिजे.

आरसी कागदाचे वेगळे उत्तर

आरसीच्या पाठीवर पेन्सिल भरवशाची ठरली नाही. काही कंपन्यांच्या आरसी कागदाची पाठ किंचित खरखरीत असते आणि तिच्यावर पेन्सिल उमटते. तरी ओल्या बोटाने घासली की आमच्याकडच्या पट्ट्यांवरचे अक्षर निघाले. मार्करही इथे सर्वांत वाईट वागतो, कारण पॉलिथिनमध्ये शाई शिरायला जागाच नसते आणि ती दीर्घकाळ चिकट राहून पुढच्या प्रिंटवर जाते.

यावर भाचीने लेखणीच बाजूला ठेवली. एसटीचे कंडक्टर तिकिटाला भोक पाडायला वापरत असत तसा जुना पंच तिने जुन्या बाजारातून आणला. वरच्या कडेला डावीकडून पहिल्या जागी भोक म्हणजे सर्वांत कमी वेळ, दुसऱ्या जागी मधली, तिसऱ्या जागी जास्त. खालच्या कडेच्या भोकांवरून निगेटिव्हचा क्रम. ही खूण पुसत नाही, शेजाऱ्याला रंगवत नाही, आणि अंधारात बोटाला कळते. मोठ्या फिल्मच्या शीटला कोपऱ्यात खाचा असतात त्याही बोटांनी ओळखण्यासाठीच. या उपायाला दोन मर्यादा आहेत. पंचाने पॉलिथिनचा थर छेदला जातो आणि मधल्या कागदाची कड उघडी पडते, तिथून द्रावण आत शिरते; म्हणून असा कागद पाण्यात रेंगाळू देऊ नये, दोन मिनिटांचे धुणे झाले की बाहेर काढावा. दुसरी मर्यादा उघड आहे: भोक असलेली कड कापून टाकावी लागते, त्यामुळे हा उपाय चाचणी प्रिंट्सपुरताच. कॉन्टॅक्ट शीटसाठी तर त्याचीही गरज पडली नाही, कारण फिल्मच्या पारदर्शक कडेवर काळ्या शाईने क्रमांक लिहिला की तो प्रत्येक कॉन्टॅक्टमध्ये पांढऱ्या अक्षरांत आपोआप छापून येतो.

वाळल्यानंतर

फायबर प्रिंट्स जाळीवर पालथ्या वाळत घालण्याची पद्धत असल्यामुळे पाठीवरचे संकेत वाळताना वरच्या बाजूला राहतात, आणि कोणती प्रत पुरती वाळली हे तपासताना प्रिंट उलटावी लागत नाही. कपडे वाळत घालायचे रंगीत प्लास्टिकचे चिमटे निगेटिव्हनुसार लावण्याचा प्रयोगही झाला. दोरीवर ते सोयीचे ठरले, पण धुण्याच्या टबात एकीचा चिमटा दुसरीच्या तोंडावर घासतो म्हणून तिथे त्यांना बंदी घातली.

निवड झालेल्या प्रिंटच्या पाठीवर कायमची माहिती, म्हणजे विषय, निगेटिव्ह टिपल्याचे वर्ष आणि छापल्याची तारीख, प्रिंट पूर्ण वाळून सपाट झाल्यावर, पुन्हा २बी पेन्सिलीनेच आणि चौकटीच्या मागेच लिहिली गेली. इथे शाईच्या पेनाचा मोह होतो. छायाचित्रांना लागून राहणारे कागद, गोंद आणि शाई त्यांना कालांतराने बाधतात का, हे तपासण्यासाठी आयएसओ १८९१६ हे मानक आहे. त्या चाचणीला उतरलेले पेन असेल तर फायबर कागदावरही शाई चालेल. सामान्य मार्कर मात्र वाळलेल्या प्रिंटच्या पाठीवरही वापरू नये, कारण त्याचा रंग कागदातून हळूहळू सरकत पुढच्या बाजूला येऊ शकतो, आणि त्या प्रिंट्स एकीवर एक ठेवल्या की शेजारणीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

ज्या प्रिंटवर उलटे आकडे उमटले होते तिची निगेटिव्ह भाचीने नव्याने छापली. तिच्या तीनही प्रती पेन्सिलीच्या खुणेसह वाळल्या आणि त्यांतली सर्वांत कमी वेळेची, १२ सेकंदांची, प्रत प्रदर्शनासाठी निवडली गेली. ओल्यात तिला आणि मामांना, दोघांनाही, १४ सेकंदांची प्रत अधिक आवडली होती.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मामांना प्रत्येक प्रिंटच्या दर्शनी बाजूला, खालच्या पांढऱ्या चौकटीत, सही करायची आहे. ग्लॉसी फायबर कागदाच्या जिलेटिनवर पेन्सिल नीट उमटत नाही आणि पेनाला भाची तयार नाही. सध्या तरी सही माउंटबोर्डवर, चित्राच्या खिडकीखाली, पेन्सिलीने करायची यावर दोघांचे एकमत झाले आहे.